धूम्रपानाची झळ शुक्रजंतूंना

नंदुरबार तालुक्यातील कोरीट असो की पुण्यातील कोथरूड, लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की घरातील वडीलधाऱ्यांची नजर प्रथम सुनेकडे वळते. ‘सूनबाई, डॉक्टरांना दाखवलंस का?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. मग सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांची तपासणी, उपासतापास आणि नवस यांचे सत्र सुरू होते. त्याच वेळी अंगणात किंवा गॅलरीत उभे राहून शांतपणे सिगारेट ओढणाऱ्या मुलाला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याची प्रकृती धडधाकट दिसते, तो कमावता असतो, मग त्याच्यात दोष असेल कसा, असे गृहीत धरले जाते.

धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हृदयविकार होतो, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. परंतु पंचविशीतल्या तरुणाला हे धोके फार लांबचे वाटतात. साठीनंतरच्या आजाराची भीती आज कोण बाळगणार? त्याच धुराचा परिणाम त्याच्या शुक्रजंतूंवर मात्र साठीची वाट न पाहता, आज, या महिन्यात होत असतो. तो दिसत नाही, दुखत नाही आणि खोकल्यासारखा ऐकूही येत नाही. म्हणूनच त्याची नीट माहिती करून घेणे आवश्यक आहे.

निम्मा वाटा पुरुषाचा

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी या समस्येला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने जबाबदार असते. तरीही आपल्याकडे पुरुषाची तपासणी बहुधा सर्वांत शेवटी होते. काही घरांत तर ती होतच नाही.

यामागे अज्ञानापेक्षा संकोच अधिक आहे. मूल होण्याची क्षमता आणि ‘मर्दानगी’ यांची गल्लत आपल्या समाजाने फार पूर्वी करून ठेवली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिक आरोग्याविषयी मराठीत उघडपणे लिहिण्याचा पायंडा पाडला. त्यासाठी त्यांना खटले सोसावे लागले. त्यानंतर इतकी दशके लोटली, तरी वीर्यतपासणीचा कागद घेऊन प्रयोगशाळेत जाताना शिकलेला शहरी तरुणही इकडेतिकडे पाहतो.

पुरुषांमधील वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. वृषणाजवळील शिरा फुगणे, जंतुसंसर्ग, संप्रेरकांचा असमतोल, गुणसूत्रांतील दोष, लहानपणी खाली न उतरलेले वृषण, ही त्यांपैकी काही. यातील बहुतेक कारणे माणसाच्या हाती नसतात. तंबाखू मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे. या विषयाचे महत्त्व आहे ते येथे.

शुक्रजंतू कसा घडतो?

स्त्रीच्या शरीरात जन्मतःच तिच्या आयुष्यभराची स्त्रीबीजे तयार असतात. पुरुषाचे तसे नसते. वयात आल्यापासून त्याच्या वृषणांत शुक्रजंतूंची निर्मिती अखंड चालू राहते. निरोगी तरुणाच्या शरीरात दररोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात. एका मूळ पेशीपासून शेपटी असलेला शुक्रजंतू घडण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात. त्यानंतर वृषणाच्या मागे असलेल्या अधिवृषण नावाच्या लांबलचक, वेटोळ्या नळीतून प्रवास करताना त्याला पोहण्याची क्षमता प्राप्त होते. हा सारा काळ धरला तर आजचा शुक्रजंतू साधारण अडीच ते तीन महिन्यांपूर्वी घडू लागलेला असतो.

हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्या पुरुषाचे रक्त कसे होते, त्यात निकोटीन किती होते, प्राणवायू किती होता, याचे पडसाद आजच्या वीर्यात उमटतात. आणि आज केलेल्या बदलाचे फळही तीन महिन्यांनंतरच दिसते.

शुक्रजंतूची रचना एखाद्या हलक्या होडीसारखी असते. डोक्याच्या भागात वडिलांकडून येणारा डीएनए घट्ट बांधून ठेवलेला असतो, मध्यभागी ऊर्जा पुरवणारी यंत्रणा असते आणि मागे वल्हे मारणारी शेपटी. वजन कमी ठेवण्यासाठी निसर्गाने त्यातील बहुतेक पेशीद्रव काढून टाकलेले असते. परंतु इतर पेशींना हानीपासून वाचवणारी रसायने याच पेशीद्रवात असतात. शिवाय डीएनएमध्ये बिघाड झाल्यास तो दुरुस्त करण्याची क्षमताही शुक्रजंतू परिपक्व होता होता गमावतो. थोडक्यात, जो पल्ला त्याला गाठायचा आहे त्यासाठी तो सडसडीत झालेला असतो, पण निःशस्त्रही झालेला असतो.

धुराचा प्रवास

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतील सुमारे ७० कर्करोगास कारणीभूत ठरू शकतात. धूर फुप्फुसांत गेल्यावर ही रसायने काही सेकंदांत रक्तात मिसळतात आणि रक्ताबरोबर सर्व अवयवांपर्यंत पोहोचतात. वृषण त्याला अपवाद नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात निकोटीन आणि शरीरात त्यापासून तयार होणारे कोटिनिन ही दोन्ही द्रव्ये आढळली आहेत. म्हणजे ज्या द्रवात शुक्रजंतू पोहतो, त्या द्रवातच तंबाखूचा अंश उतरलेला असतो.

ही रसायने नेमके काय करतात? पहिली गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे पेशींना मिळणारा प्राणवायू कमी होतो. दुसरी गोष्ट, कॅडमियम. तंबाखूचे रोप जमिनीतून हा जड धातू शोषून पानांत साठवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात कॅडमियमचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असते. एकदा शरीरात साठलेले कॅडमियम बाहेर पडण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी आवश्यक असलेल्या जस्ताच्या कामात ते अडथळा आणते. तिसरी गोष्ट, पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन या गटातील विषारी द्रव्ये डीएनएला चिकटून त्याची रचना बिघडवतात.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा आहे तो ‘ऑक्सिडेटिव्ह’ ताण. लोखंड जसे हवेतील प्राणवायूने गंजते, तसाच काहीसा प्रकार पेशींच्या आवरणाबाबत घडतो. शुक्रजंतूचे आवरण नाजूक स्निग्धाम्लांनी बनलेले असते आणि ती लवकर ‘गंजतात’. धुरातील घटकांमुळे हा गंज चढवणारे अतिक्रियाशील कण वाढतात आणि त्यांना आवर घालणारी क जीवनसत्त्वासारखी द्रव्ये खर्ची पडतात. आवरण ताठर झाले की शेपटीची हालचाल मंदावते. पुढे हेच कण डोक्यातील डीएनएपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी २००२ मध्ये वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात पांढऱ्या पेशींचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी अधिक आढळले. या पेशी दाह होत असल्याची खूण असतात आणि त्या स्वतःही हे हानिकारक कण निर्माण करतात.

आकडे काय सांगतात?

एखाद-दुसऱ्या अभ्यासावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. म्हणून अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचा साकल्याने विचार केला जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका विश्लेषणात २० अभ्यासांतील ५,८६५ पुरुषांची माहिती तपासण्यात आली. धूम्रपानाचा संबंध शुक्रजंतूंची घटलेली संख्या, मंदावलेली हालचाल आणि बिघडलेला आकार या तिन्हींशी असल्याचे त्यात दिसून आले. मध्यम किंवा अधिक प्रमाणात धूम्रपान करणाऱ्यांत आणि आधीच वंध्यत्वाची समस्या असलेल्या पुरुषांत ही हानी अधिक होती.

हा प्रकार केवळ रुग्णांपुरता मर्यादित नाही. डेन्मार्कमध्ये २००७ साली दोन हजारांहून अधिक निरोगी पुरुषांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अधिक धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यातील शुक्रजंतूंचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण मात्र कमी झालेले नव्हते, उलट किंचित अधिकच होते. दाढी-मिशा, आवाज, शरीरयष्टी आणि लैंगिक इच्छा यांवरून शुक्रजंतूंच्या आरोग्याचा अंदाज बांधता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

‘आमचे आजोबा दिवसाला बिडीचे बंडल संपवायचे, त्यांना आठ मुले झाली!’ हा युक्तिवाद अशा चर्चेत हमखास ऐकू येतो. तो अगदी खोटा नाही. धूम्रपान करणाऱ्या असंख्य पुरुषांना मुले होतात. निसर्गाने शुक्रजंतूंची संख्या मुळातच भरपूर ठेवली आहे, त्यामुळे त्यात काही घट झाली तरी काम भागते. परंतु आजोबांचे लग्न विशीत झाले होते आणि आजी त्यांच्याहून लहान होती. त्यांच्यापाशी वीस वर्षांचा अवधी होता. आज शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते यांत लग्न तिशीकडे सरकते आणि मुलाचा विचार त्यानंतर दोन-तीन वर्षांनी होतो. पत्नीच्या स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयाच्या पस्तिशीनंतर वेगाने घटते. अशा वेळी पुरुषाकडील पंधरा-वीस टक्क्यांची तूटही महाग पडते. ज्याच्या शुक्रजंतूंची संख्या मुळात काठावर आहे, त्याला तर ही तूट काठाच्या पलीकडे ढकलू शकते.

‘मी ओढत नाही, फक्त खातो’

महाराष्ट्रात हा विषय केवळ सिगारेटपुरता मांडणे अपुरे ठरेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत धूम्रपान करणारे थोडे होते. मोठी संख्या होती ती चुना लावून तंबाखू मळणाऱ्यांची, गुटखा व मावा चघळणाऱ्यांची, विदर्भातील खर्रा खाणाऱ्यांची आणि मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानटपरीवर सुगंधी सुपारी आणि तंबाखू यांच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करण्याची पळवाट ठाऊक नसलेला ग्राहक विरळाच.

यातील अनेकांची समजूत अशी असते की धूर नाही म्हणजे धोका नाही. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ पुरुषांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व तंबाखू चघळणारे होते. दिवसातून किती वेळा तंबाखू खातात यानुसार त्यांचे तीन गट करण्यात आले. खाण्याचे प्रमाण जसजसे वाढत गेले, तसतशी शुक्रजंतूंची संख्या, हालचाल, आकार आणि जिवंत राहण्याचे प्रमाण ही चारही मापे घसरत गेली. म्हणजे सिगारेट सोडून तंबाखूची पुडी जवळ करणाऱ्याने धोका टाळलेला नसतो. त्याने फक्त त्याचा मार्ग बदललेला असतो.

बिडीविषयीही असाच गैरसमज आहे. ‘पानाची असते, कागद नसतो,’ म्हणून ती सौम्य मानली जाते. प्रत्यक्षात टेंभुर्णीचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते आणि बिडी सारखी विझू पाहते. त्यामुळे ती जोराने आणि वारंवार ओढावी लागते व कार्बन मोनॉक्साइडसह अनेक घातक घटक शरीरात अधिक जातात. हुक्क्यात धूर पाण्यातून येत असला तरी पाणी विष गाळत नाही. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये आणि देशभरात ई-सिगारेटवर २०१९ मध्ये बंदी आली आहे. महाविद्यालयीन तरुणांनी ही साधने ‘सुरक्षित पर्याय’ म्हणून जवळ करण्यात अर्थ नाही.

अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी

वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहिले जातात. शुक्रजंतूच्या डोक्यात असलेला डीएनए अखंड आहे की तुटलेला, हे साध्या तपासणीत कळत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत डीएनए तुटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. असा शुक्रजंतू पोहत जाऊन स्त्रीबीजाचे फलन करूही शकतो. अडचण त्यानंतर येते. गर्भाची वाढ नीट न होणे किंवा सुरुवातीच्या आठवड्यांतच गर्भपात होणे याचा संबंध अशा तुटलेल्या डीएनएशी जोडला जातो. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा दोष पत्नीच्या गर्भाशयाला देण्यापूर्वी हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गर्भावस्थेत आई धूम्रपान करत असेल तर त्याचा परिणाम पुढील पिढीतील मुलाच्या शुक्रजंतूंवरही दिसतो. युरोपातील पाच देशांतील १,७७० तरुणांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईने गरोदरपणी धूम्रपान केले होते, त्या तरुणांमध्ये शुक्रजंतूंचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. मात्र मिश्री लावणाऱ्या आणि पतीचा धूर बंद खोलीत श्वासावाटे घेणाऱ्या गर्भवती थोड्या नाहीत. दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या गर्भवतीच्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो, हे सर्वमान्य आहे. म्हणून पत्नी गरोदर राहिली की आता ओढायला हरकत नाही, हा विचारही चुकीचाच.

‘टेस्ट ट्यूब’ आहेच की!

आधुनिक उपचारांवर भिस्त ठेवून सवय सोडण्याचे टाळणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेतील वैज्ञानिक यांच्या प्रयत्नांतून ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा जन्म झाला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याचे मोठे स्वागत केले. पुढे १९९२ मध्ये एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याचे ‘इक्सी’ तंत्र बेल्जियममध्ये यशस्वी झाले आणि अत्यल्प शुक्रजंतू असलेल्या पुरुषांनाही पितृत्वाची आशा निर्माण झाली.

तथापि यंत्र आणि सुई यांना शुक्रजंतूतील डीएनए दुरुस्त करता येत नाही. जर्मनीतील २००३ च्या एका अभ्यासात पती धूम्रपान करत असलेल्या जोडप्यांमध्ये इक्सीचे यश २२ टक्के होते, तर पती धूम्रपान न करणाऱ्या जोडप्यांमध्ये ३८ टक्के. साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीत हेच प्रमाण अनुक्रमे १८ आणि ३२ टक्के होते. या उपचारांच्या प्रत्येक फेरीचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाची अनेक महिन्यांची बचत गिळतो. इंजेक्शने पत्नीला घ्यावी लागतात, भूल पत्नीला दिली जाते आणि अपयशाचे दुःखही अधिक तिच्याच वाट्याला येते. त्या फेरीपूर्वी सिगारेट बंद करणे हा पतीच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

बाजारात ‘शुक्रजंतू वाढवणारी’ टॉनिके आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या भरपूर मिळतात. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत अशा अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी ना शुक्रजंतूंची मापे सुधारली, ना डीएनएची स्थिती. एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने सिगारेट, हा हिशेब जुळणारा नाही.

तपासणी कशी असते?

वीर्यतपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. सुई नाही, वेदना नाही. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे लागते. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून नेल्यास तो शरीराच्या तापमानाजवळ ठेवून तासाभरात पोहोचवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार, वीर्याचे प्रमाण १.४ मिलीलिटर, दर मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण ४२ टक्के शुक्रजंतू हालचाल करणारे आणि ४ टक्के योग्य आकाराचे, या खालच्या मर्यादा मानल्या जातात. या मर्यादा मुले झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांवरून ठरवलेल्या आहेत. त्यांच्या खाली गेल्यास मूल होणारच नाही असे नव्हे आणि वर असल्यास होईलच असेही नव्हे. ताप, आजारपण, प्रवास यांमुळे आकडे खाली-वर होतात. म्हणून अहवाल सदोष आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मगच निष्कर्ष काढावा.

या तपासणीसाठी महानगरातील चकचकीत केंद्रच हवे असे नाही. चांगले सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ असला की ती जिल्ह्याच्या गावीही होऊ शकते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील जोडप्यांना पुढील उपचारांसाठी सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. रेल्वेच्या तिकिटापासून बुडालेल्या मजुरीपर्यंत सगळा खर्च करून पत्नीच्या महागड्या तपासण्या व्हाव्यात आणि पतीची सर्वांत सोपी तपासणी राहून जावी, यासारखा उफराटा प्रकार नाही. शहरातील सुशिक्षित घरांतही चित्र फारसे वेगळे नसते.

तीन महिन्यांची संधी

या सर्व काळोखात एक दिलासा आहे. शुक्रजंतूंची निर्मिती सतत चालू असल्याने तंबाखू थांबवल्यानंतर पुढची तुकडी स्वच्छ रक्तावर घडू लागते. सिगारेट सोडून तीन महिने झालेल्या पुरुषांत वीर्याचे प्रमाण आणि शुक्रजंतूंची संख्या सुधारल्याचे आढळले आहे. कॅडमियमसारखे धातू लगेच निघून जात नाहीत आणि प्रत्येकाचे आकडे सारखे सुधारत नाहीत, हे खरे. तरीही मूल हवे असे ठरवणाऱ्या तरुणाने त्याआधी किमान तीन महिने तंबाखू पूर्ण बंद करावा, हा सल्ला साधा आणि शास्त्राला धरून आहे.

‘पूर्ण’ या शब्दावर भर देण्याचे कारण आहे. दिवसाला दहाच्या चार केल्याने फारसे साधत नाही. कमी सिगारेट ओढणारा माणूस प्रत्येक सिगारेट अधिक खोल ओढतो आणि शरीराला निकोटीनचा नेहमीचा हिस्सा मिळवून देतो. त्याऐवजी एक दिवस ठरवून सोडणे श्रेयस्कर. पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता जाणवते. दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. तलफ आली की ती बहुधा काही मिनिटांतच उतरते. तेवढा वेळ पाणी पिणे, चालायला जाणे, कोणाशी तरी बोलणे, असे उपाय कामी येतात. चहाबरोबर सिगारेट घेणाऱ्याने काही दिवस चहाची जागाच बदलावी. गरज वाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम किंवा औषधे घेता येतात. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनाची सोयही असते. पहिल्या प्रयत्नात यश न येणे यात नामुष्की नाही. सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी एकाहून अधिक वेळा प्रयत्न केलेला असतो.

घरच्यांनीही आपली भूमिका तपासून पाहावी. भारतातील तंबाखू सेवन करणाऱ्या तरुणांनी सुरुवात केली ते सरासरी वय २०१६-१७ च्या सर्वेक्षणात १८.९ वर्षे होते. म्हणजे ज्या वयात मुलाच्या शुक्रजंतूंची निर्मिती भर जोमात असते, त्याच वयात त्याच्या हाती पहिली सिगारेट येते. मुलगा कमावता झाला, आता त्याला काय बोलायचे, असे म्हणून पालक गप्प बसतात. लग्न ठरवताना पत्रिका, पगार आणि घर पाहिले जाते. मुलगा निर्व्यसनी आहे का, हा प्रश्नही विचारला जातो. पण ‘कधीतरी मित्रांबरोबर’ या उत्तरावर समाधान मानून तो सोडून दिला जातो.

पाळणा हलण्यास उशीर झाला तर डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जावे आणि पहिली तपासणी पतीची व्हावी. ती सोपी आहे, स्वल्प खर्चाची आहे आणि पत्नीच्या अनेक अनावश्यक यातना वाचवणारी आहे. डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ असे विचारले की पत्नीकडे चोरून न पाहता खरे उत्तर द्यावे. दिवसाला किती सिगारेटी, किती पुड्या, किती वर्षांपासून, हे सांगितले तरच पुढील तीन महिन्यांचा हिशेब मांडता येतो. सूनबाईला विचारला जाणारा प्रश्न ज्या दिवशी मुलालाही तितक्याच सहजतेने विचारला जाईल, त्या दिवशी कितीतरी घरांतील निम्मे निदान तेथेच होऊन जाईल.